रिकामा पाळणा हलवू नये

सुकन्या "बरं" म्हणाली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

खरं म्हणजे तिला काय विचारलं होतं तेही तिने नीट ऐकलं नव्हतं. बाळ झाल्यापासून ती सगळ्यांनाच बरं म्हणत होती. दूधवाल्याने "वहिनी, उद्यापासून म्हशीचं देऊ का?" असं विचारलं, बरं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी गावाला जाताना "आमच्या कुंड्यांना पाणी घालशील ना गं?" म्हटलं, बरं. मोबाईल कंपनीच्या मुलीने फोनवर कसलीशी योजना सांगितली, तिलाही बरं. (तेव्हापासून सुकन्याला कुणीही फोन केला की आधी ढोल-ताशा ऐकू यायचा.) नाही म्हणायला अंगात ताकद लागते. शिवाय पुढे कारण सांगावं लागतं. रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाकडे एवढा साठा कुठून असणार?

बाळाचं नाव अंबिका. घरात अंबू. दिवसा कुणी बघायला आलं की ही अशी गोड हसायची की बघणारी बाई म्हणायची, "किती शांत आहे गं! त्रासच नाही तुला." आणि दिवे लागले की जो सूर लावायची, तो थेट दूधवाला येईपर्यंत. केडगावातल्या त्या सोसायटीत सुकन्याला आता लोक नावाने नाही, आवाजाने ओळखत होते. डॉक्टर म्हणाले, "गॅसेस आहेत. तीन-चार महिन्यांत आपोआप जाईल." सुकन्याला प्रश्न पडला की तोवर आपण राहू का.

त्यात ती मुळातच दचकणारी. कुकर स्वतः लावायची आणि त्याच्या शिट्टीला स्वतःच दचकायची. एम.कॉम.ला पहिला वर्ग मिळाल्याचा फोन आला तेव्हाही ती आधी दचकली होती, आनंद मागाहून झाला. आता तर झोप नसल्यामुळे तिला स्वतःच्या जांभईचीही भीती वाटायची. जांभईच्या आवाजाने अंबू उठली तर?

अशा अवस्थेत, शनिवारी दिवेलागणीला, सासूबाईंनी निदान केलं. झुंबरबाई गावाहून मुद्दाम नातीसाठी आलेल्या होत्या.

"पोट दुखतंय तिचं," त्या म्हणाल्या.

"हो ना आई. डॉक्टरही म्हणाले, गॅसेस..."

"ग्यास न्हाई. पाळणा."

"पाळणा?"

"रिकामा पाळणा हलवला की लेकराचं पोट दुखतं. एवढं शिकलीस, एवढं ठाऊक न्हाई व्हय गं तुला?"

"पण आई, आपल्याकडे पाळणाच नाही. झोळी आहे."

"त्येच सांगतीय. आपला पाळणा हाय त्या म्युझियममधी. अन् तिथं येनारं-जानारं हरेक पोर त्याला झोका देतंय. रिकाम्याला! लोक तिकडं झोके देत्यात अन् कळा हितं माझ्या नातीला."

सुकन्याच्या एम.कॉम.ने क्षीण हालचाल केली. "पण सहली दुपारी येतात, आणि ही रात्री रडते."

"कळ चढायला येळ लागतो," झुंबरबाई म्हणाल्या.

पाळण्याची कथा घरात सगळ्यांना पाठ होती. सागवानी, चारी कोपऱ्यांना लाकडी पोपट. सासरे पुंजाराम, म्हणजे नाना, त्यांचे वडील, पुढे सुकन्याचा नवरा अमृत, सगळे त्यातच वाढले. दोन वर्षांपूर्वी गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, विष्णुपंतांनी, गावाचं छोटं संग्रहालय उभं करायला घेतलं आणि दारोदार जाऊन जुन्या वस्तू मागितल्या. नानांनी बायकोला न विचारता माळ्यावरचा पाळणा काढून दिला. उद्घाटनाच्या दिवशी माईक हातात आल्यावर तर ते म्हणाले, "आजपासून ह्यो पाळणा आमचा न्हाई, समद्या गावाचा हाय. आमचा त्याच्याव काय बी हक्क न्हाई." टाळ्या झाल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळाची चटणी झुंबरबाईंनी वाटली, पण नवऱ्याला माफ केलं नाही. पुढे वर्षभरात सुकन्याला दिवस गेले. बाळंतपण माहेरी झालं, बारसंही तिथेच, मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या फुलांच्या पाळण्यात. झुंबरबाई त्या बारशाला आल्या, जेवल्या, आणि परत जाताना एवढंच म्हणाल्या, "पाळन्यात नाव ठेवलं म्हना... कोनाच्या का असंना."

"एकदा लेकरू त्यात टेकवायचं," आता त्या सांगत होत्या. "पाच झोके द्यायचे. पाळन्याला त्याचा धनी कळला की मग कुनी का हलवंना. उद्या जाऊ. काय म्हनतीस?"

इथे सुकन्या "बरं" म्हणाली.

"पण आई, विष्णुपंतांना आधी विचारूया ना," मागून तिला सुचलं.

"इच्यारलं तर न्हाई म्हनत्याल. न इच्यारल्याला न्हाई कसं म्हनत्याल?"

नाना विचारू शकत नव्हते, त्यांनी माईकवर हक्क सोडला होता. अमृत विचारू शकत नव्हता, कारण विष्णुपंत त्याचे सातवीचे वर्गशिक्षक. एमआयडीसीत वीस माणसांवर आवाज चढवणारा अमृत, विष्णुपंतांचं नाव काढलं की अजूनही हात मागे बांधायचा.

रविवारी केडगावहून निघाले. अंबूने गाडी सुरू होताच रडायला सुरुवात केली. सुप्याच्या फाट्यावर अमृतने गाणी लावून पाहिली, बंद करून पाहिली. पारनेर मागे पडलं, तेव्हा तो गाडी थांबवून खाली उतरला आणि नुसताच उभा राहिला.

"काय झालं?" सुकन्या घाबरली. "पंक्चर?"

"नाही," तो म्हणाला. "शांतता ऐकतोय."

सुकन्या मागच्या सीटवर बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या डोक्यात वेगळीच गर्दी. पाळण्याला वाळवी असेल. दोर कुजला असेल. संग्रहालयाच्या वस्तूला हात लावला म्हणून काही कलम असेल. (असेलच. कलम कशालाही असतं.) आणि सगळ्यात मोठी भीती अशी की हे सगळं करूनही अंबू झोपली नाही, तर मग करायला काहीच उरणार नाही. इतके दिवस निदान एखादा उपाय शिल्लक असायचा.

संग्रहालय म्हणजे तीन जुन्या इमारती आणि मध्ये एक चिंच. दगडी चावडी, तिच्यात गावाची मापं आणि दिंडीदरवाज्याचं कुलूप. एका खोलीची जुनी शाळा, तिच्यात पाट्या. आणि मागे शेतकऱ्याचं घर. ते मूळ नदीकाठचं. पडायला आलं तेव्हा विष्णुपंतांनी दगड न् दगड, वासा न् वासा उतरवून इथे आणून पुन्हा उभं केलं होतं. जागोजागी पाट्या होत्या: 'हात लावू नये.' 'टेकून उभे राहू नये.' एका पाटीवर नुसतंच 'नये' उरलं होतं, वरचं पावसाने गेलेलं. सुकन्याला तीच पाटी आपल्यासाठी वाटली.

नाना दारातच उभे होते, धुतलेली टोपी घालून, चेहरा चोरासारखा. ठरल्याप्रमाणे त्यांनी विष्णुपंतांना चावडीत गुंतवायचं होतं.

"मास्तर," नाना आत जात म्हणाले, "ह्ये अडिशेरीचं माप म्हंजी नेमकं किती, जरा समजून सांगा बरं."

"पुंजाराम, आयुष्यभर तू अडिशेरीनं बाजरी मोजलीस," विष्णुपंतांचा आवाज आला.

"मोजली वो. पर समजून कुठं मोजली?"

तेवढ्या वेळात बाकीचे मागच्या घरात शिरले. आतली खोली अंधारी. दारावर पाटी, 'बाळंतिणीची खोली'. आत बाज, शेगडी, कोनाड्यात बाळंतशेपेची बरणी, वाशाला टांगलेला पाळणा, आणि बाजेवर एक बाई.

"सॉरी!" सुकन्या दचकून मागे सरली. "आम्ही नंतर येतो..."

"अगं, पुतळा आहे," अमृत म्हणाला.

नगरच्या एखाद्या साडीच्या दुकानाने शोकेसमधून निवृत्त केलेली बाई होती ती. नऊवारी नेसवून, कानाला फडकं बांधून बाजेवर बसवलेली. बाळंतीण खरी, पण ओठ लाल, गाल गुलाबी, आणि एक हात अजून पदराची किनार दाखवायला वर उचललेला. अशी तजेलदार बाळंतीण सुकन्याने दवाखान्याच्या पोस्टरवरही पाहिली नव्हती.

पाळण्यापर्यंत पोचायला ती बाई आडवी येत होती. अमृतने तिला कमरेला धरून उचललं ("हळू," झुंबरबाई म्हणाल्या, "परक्याची हाय") आणि दाराच्या पाठीमागे उभं केलं. झुंबरबाईंनी पाळणा पुसला, पिशवीतून आणलेलं मऊ धडपं अंथरलं, हळद-कुंकू लावलं. सुकन्याने रडून लाल झालेलं लेकरू श्वास रोखून त्यात ठेवलं.

एक झोका. दोन. कडी कुरकुरली. तीन.

अंबू थांबली.

सुकन्याला वाटलं, हिला काहीतरी झालं. तिने वाकून नाकापाशी बोट धरलं. श्वास चालू होता. चौथ्या झोक्याला डोळे मिटले, पाचव्याला मूठ उघडली. खोलीत एवढी शांतता पसरली की अमृतचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"बगितलंस?" झुंबरबाई कुजबुजल्या. त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता, पण तो विजयसुद्धा त्या पायाच्या चवड्यांवर उभ्या राहून साजरा करत होत्या.

"झालं, उचला आता," अमृत म्हणाला. "सर येतील."

"झोपलं लेकरू उचलायचं?" दोघी बायका एकदम म्हणाल्या. सासू-सुनेचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. अमृत गपचूप पहारा द्यायला बाहेर गेला.

"तू जरा पाठ टेक," सासूबाई म्हणाल्या. पाळण्याची दोरी त्यांनी सुकन्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधली, हलली की आडव्यानेच झोका देता यावा म्हणून. तिचे कान फडक्याने बांधले, बाजेवरची गोधडी गळ्यापर्यंत ओढली. "बाळंतिनीनं उघडं निजू न्हाई. मी हाय भाईर."

सुकन्याने ठरवलं, झोपायचं नाही, फक्त डोळे मिटायचे. संग्रहालयात झोपणं बरोबर नाही. नक्कीच कलम...

जाग आली ती पन्नासएक चपलांच्या आवाजाने.

"चपला काढून या! ओळीत! दोरीच्या आत जायचं नाही!" कुठल्याशा शाळेची सहल आली होती. झुंबरबाई विहिरीपाशी भेटलेल्या मावसबहिणीबरोबर कधीच गप्पांत बुडाल्या होत्या. पहाऱ्यावरच्या अमृतला विष्णुपंतांनी पाहताक्षणी बसचं पार्किंग बघायला पाठवलं होतं, आणि तो "हो सर" म्हणून गेला होता.

दारात विष्णुपंत उभे. मागे जॅकेट घातलेले एक सर, आणि त्यांच्या काखेतून, कोपरातून डोकावणारी पोरं. सुकन्याने पापण्यांच्या फटीतून पाहिलं. पळायची वाट नव्हती. उठून बसावं तर पोरं किंचाळणार आणि अंबू जागी होणार. पाळण्यातून हलका, एका लयीतला श्वास येत होता. इतक्या आठवड्यांत सुकन्याने तो एवढा वेळ ऐकला नव्हता.

ती हलली नाही.

"आणि ही आमची..." विष्णुपंत सवयीने बोलायला लागले आणि थांबले. त्यांनी बाजेकडे पाहिलं. पाळण्याकडे पाहिलं. मग दोरीच्या मागे मागे जात त्यांची नजर गोधडीबाहेर आलेल्या अंगठ्यावर पोचली. नखांना जुनं नेलपॉलिश होतं. आता हे विचारतील, कोण तुम्ही? आणि आपण म्हणू, बरं.

विष्णुपंतांनी घसा खाकरला. मग आवाज एकदम खाली आणला.

"ही बाळंतीण. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पुतळा फार नाजूक आहे, आवाजानं तडे जातात."

पोरं कुजबुजायला लागली.

"सर, बाळ श्वास घेतंय!"

"सेलवर असंल, येड्या."

"लई भारी बनवलंय. आन ही बाई?"

"ही एवढी न्हाई जमली."

"गुर्जी, हिला घाम आलाय."

"रंग ओला आहे," विष्णुपंत शांतपणे म्हणाले.

एक माशी सुकन्याच्या नाकावर येऊन बसली. तिथून ती ओठावर गेली. ओठावरून परत नाकावर. सुकन्याने आयुष्यात असं काही सहन केलं नव्हतं. झुरळ दिसलं तर जी बाई फ्लॅट सोडून लिफ्टमध्ये उभी राहायची, ती आज नाकावरच्या माशीला फिरू देत होती.

"बग, माशी बसली तरी हालंना."

"पुतळा हाय तो. हालंल कसा?"

पुढे उभ्या असलेल्या एका लहान मुलीने बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "गुर्जी, हिच्या डोळ्याखाली काळं का रंगवलंय?"

विष्णुपंत त्या मुलीपाशी वाकले. "ते रंगवावं लागत नाही, बाळा," ते म्हणाले. "चला, आता शाळेची खोली बघू."

एवढ्यावर सुटका व्हायची, पण शेवटच्या पोराला दाराच्या मागे काय आहे ते बघायचं होतं. त्याने दार ओढलं. दारामागची बाई, एक हात वर केलेली, लाल ओठांनी हसत, आधी थोडी झुकली आणि मग जॅकेटवाल्या सरांच्या गळ्यातच पडली.

"आई गं!" सर ओरडले. त्यांचा आवाज चावडीपर्यंत गेला असावा. पोरांनी त्याहून मोठी किंकाळी फोडली आणि अख्खी सहल दारातून एकदमच बाहेर पडली. सरांनी त्या बाईला दूर ढकललं, ती भिंतीवर आपटली, ढाण्णकन आवाज झाला.

आणि सुकन्या दचकली नाही.

तिचं तिलाच खरं वाटेना. अंगठ्याला जेमतेम एक हिसका बसला, त्याने पाळणा एकदा झुलला, एवढंच. अंबूने झोपेत ओठ चोखले आणि मान वळवली.

बाहेर चिंचेखाली पोरं मोजली जात होती. सरांचा आवाज खिडकीतून स्पष्ट ऐकू आला. त्यांना आता आपली प्रतिष्ठा सावरायची होती.

"संग्रहालय उत्तम आहे, विष्णुपंत. बाळ तर हुबेहूब. पण एक सुचवू का? ती निजलेली बाई बदला. लहान मुलं बघतात. बाळंतीण कशी आनंदी पाहिजे. ही म्हणजे अगदीच... कारागिरानं जीवच ओतलेला नाही तिच्यात."

"पाहतो," विष्णुपंत म्हणाले.

थोड्या वेळाने ते आत आले. एका काखेत दाराशी पडलेली शोकेसची बाई, मागे अमृत, हात पाठीशी बांधलेले. त्याच्या मागे नाना आणि झुंबरबाई, दोघंही दाराशीच.

"अमृत," विष्णुपंत कुजबुजले, "संग्रहालयातली वस्तू हलवायच्या आधी काय करायचं असतं?"

"विचारायचं असतं, सर."

"आणि झोपलेलं लेकरू हलवायच्या आधी?"

अमृतला हे सातवीत शिकवलं नव्हतं.

"हलवायचंच नसतं," विष्णुपंत म्हणाले. "माझ्या घरी तीन झाली. मला माहीत आहे." मग ते झुंबरबाईंकडे वळले. "वहिनी, पुंजारामनं आत्ता सगळं सांगितलं. तुम्ही मला आधी सांगायचं होतं. उद्यापासून या पाळण्यात वरवंटा ठेवत जाईन. रिकामा राहणार नाही. मग पोरं किती का झोके देईनात."

झुंबरबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग नानांकडे बघून म्हणाल्या, "बगा. मास्तरास्नी कळतं." नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. दोन वर्षांनी बायको त्यांच्याशी पाळण्याच्या विषयावर थेट बोलली होती.

"सर, मी उठते," सुकन्या पुटपुटली. जीभ जड झाली होती. "अंबू उठली की लगेच..."

"झोपा हो," विष्णुपंत म्हणाले. "कुलूप लावायला अजून वेळ आहे. एक बस मात्र यायची आहे, तेव्हा जरा भिंतीकडे सरका."

ती सरकली. विष्णुपंतांनी शोकेसच्या बाईला तिच्या पुढ्यात पूर्ववत बसवलं, निऱ्या सारख्या केल्या, वर उचललेला हात पाळण्याच्या दोरीवर आणून टेकवला. चांगला दिसला. गोधडी त्यांनी सुकन्याच्या डोक्यावर ओढून दिली. आत अंधार होता, ऊब होती, कुणी काही विचारत नव्हतं. पाळण्याची कडी हळूच कुरकुरली, आणि कितीतरी दिवसांनी सुकन्याला, काहीही न ठरवता, गाढ झोप लागली.

पुढची बस आली तेव्हा तिला फारसं काही ऐकू आलं नाही. अर्धवट झोपेत एका बाईचा कौतुकाचा आवाज तेवढा कानावर पडला.

"अगंबाई, किती प्रसन्न आहे हो ही बाळंतीण! आणि हिच्या मागे ते गाठोडं कसलं?"

"त्या जुन्या गोधड्या आहेत," विष्णुपंत म्हणाले. "हात लावू नका. फार विरल्यात."